सोनं औषध कधी होतं?

(शिर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिर्डीत उभं राहून सोन्याविषयी बोलायचं, म्हणजे तुम्हाला काही नवीन सांगतोय असं नाही. इथे रोज कुणी ना कुणी सोनं घेऊन येतं. नवस फेडायला कुणी अंगठी वाहतं, कुणी साखळी. समाधी मंदिरातलं सिंहासनही सोन्याचंच आहे. आणि त्याच मंदिरापासून थोड्या अंतरावर संस्थानची रुग्णालयं आहेत. तिथे आलेल्या माणसाच्या घरातलं सोनं बहुतेक वेळा उपचारासाठी गहाण पडायला निघालेलं असतं. आपल्याकडे सोनं आणि आजारपण यांची गाठ अशी सावकाराच्या दुकानात पडते.

आज मी वेगळ्या गाठीविषयी बोलणार आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, ज्यांना नॅनोकण म्हणतात, ते कर्करोगाच्या उपचारात कसे वापरता येतील, यावर गेली वीस-पंचवीस वर्षं जगभर काम चाललंय. त्यातलं काही महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात आणि मुंबईत झालंय.

तुम्ही म्हणाल, हा तत्त्वज्ञानाचा मास्तर, याला कर्करोगाशी काय करायचंय? रास्त प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी आहे, इथून जवळच्याच गावचा. त्याला गालाच्या आत जखम झाली. गुटख्याची सवय होती. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलंय, शस्त्रक्रिया करू, मग लागलं तर किरणोपचार. तेवढ्यात कुणीतरी त्याला 'नॅनो सोन्याचं पाणी' विकलं. रोज सकाळी दहा थेंब. बायकोच्या बांगड्या मोडून चार महिने त्याने ते घेतलं. चार महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जबड्याचं हाडही काढावं लागलं.

तो आहे. मऊ भात खातो, अस्पष्ट बोलतो. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मला विचारलं, "सर, त्या माणसाने मला मोबाइलवर शोधनिबंध दाखवला होता. सोन्याच्या कणांनी उंदराची गाठ नाहीशी झाली, असं त्यात होतं. तो खोटा होता का?"

मी घरी येऊन शोधलं, ओळखीच्या दोन प्राध्यापकांकडून समजून घेतलं. मंडळी, शोधनिबंध खरा होता. बाटली खोटी होती. खऱ्या शोधनिबंधापासून खोट्या बाटलीपर्यंत माणूस कसा पोहोचतो, हे मात्र माझ्या विषयातलं आहे. म्हणून आज इथे उभा आहे.

धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

आपल्या न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. धूर दिसला की अग्नी आहे, असं अनुमान बरोबर. पण उलट म्हणता येईल का? अग्नी आहे म्हणजे धूर असणारच? नाही. लोहाराच्या भट्टीतला लाल झालेला लोखंडी गोळा आठवा. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीवर धूर का होतो? लाकूड ओलं असतं म्हणून. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ओलं सरपण ही एक अट लपलेली आहे. नैयायिक या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. उपाधी दिसली नाही की माणूस चुकीचं अनुमान काढतो.

आता 'सोन्याने गाठ जळते' हे वाक्य घ्या. ते बिनशर्त खरं नाही. त्याला उपाधी आहेत: कणाचा आकार, तो पोहोचला ती जागा, आणि त्याला मिळालेली बाहेरची ऊर्जा. त्या विक्रेत्याने वाक्य दाखवलं आणि उपाधी झाकल्या. आपण त्या एकेक उघडून बघू.

पहिली अट: आकार

सोन्याची ख्याती कशासाठी आहे? ते गंजत नाही, काळं पडत नाही, सहजासहजी कशाशी मिसळत नाही. आजीची पाटली नातीच्या हातात तशीच चमकते. पण जे कशाशीच फारसं संबंध ठेवत नाही, ते औषध कसं होणार?

इथे आकाराचा खेळ सुरू होतो. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण एका ओळीत मांडले, तर केसाच्या जाडीत चार हजार बसतील. अशा एका कणात सुमारे अडीच लाख अणू असतात.

आता एक हिशेब करू. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला, तर त्याची बाजू चार मिलिमीटरहूनही कमी भरते आणि सगळा पृष्ठभाग मिळून एक चौरस सेंटिमीटरसुद्धा होत नाही. त्याच एका ग्रॅमचे २० नॅनोमीटरचे गोळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो सुमारे साडेपंधरा चौरस मीटर. म्हणजे साधारण दहा बाय सोळाच्या खोलीची जमीन! वजन तेच, धातू तोच, पण बाहेरच्या जगाला भिडणारी जागा दीड लाख पटींहून अधिक वाढली.

आणि रंगही बदलतो. इतके बारीक कण पाण्यात असले की ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये यावर व्याख्यान दिलं. त्यांनी तयार केलेल्या लाल द्रावणाच्या बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. तुम्हीही हा रंग पाहिलाय. गरोदरपणाची चाचणी घरच्या घरी करतात, कोविडच्या काळात नाकातला नमुना घेऊन झटपट चाचणी करत, त्यावर जी लाल रेघ उमटते, ती पुष्कळदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

लाल का? सोन्यातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाशाची लाट आली की कणातले सगळे इलेक्ट्रॉन एकत्र इकडून तिकडे झुलतात. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला झोका बांधतो ना, तसं समजा. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. २० नॅनोमीटरच्या गोल कणाची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो हिरवा प्रकाश शोषून घेतो, आणि उरलेला आपल्याला लाल दिसतो.

कणाचा आकार बदलला की लय बदलते. कण गोल न ठेवता काडीसारखा, चपटा त्रिकोणी किंवा पोकळ कवचासारखा केला, तर तो लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषायला लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चपटे त्रिकोणी कण बनवले, आणि कशाने? गवती चहाच्या पानांच्या अर्काने! आपल्या परसातला गवती चहा. ते काम २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात आलं. त्यांचा हेतू कर्करोगाचा उपचार हा नव्हता. उष्णता शोषणारे लेप करता येतील का, असाही विचार त्यात पुढे झाला. पण कणाचा आकार हवा तसा घडवता येतो, हे अशा कामांतून पक्कं झालं.

दुसरी अट: बाहेरची ऊर्जा

रात्री टॉर्च तळहाताखाली धरून बघा. बोटं लाल दिसतात. म्हणजे निळा-हिरवा प्रकाश रक्तामांसात अडतो, तांबडा आरपार येतो. त्याच्या थोडा पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. आता कल्पना करा, गाठीत सोन्याचे कण बसलेत आणि बाहेरून त्यांच्या लयीचा लेझर सोडला. आजूबाजूच्या मांसातून प्रकाश फारसं न दुखवता जातो, पण सोन्याचे कण तो शोषतात आणि तापतात. पेशीचं तापमान ४२-४३ अंशांच्या वर गेलं की तिला त्रास सुरू होतो, ५० च्या आसपास ती काही मिनिटांत मरते. गाठ आतून भाजली जाते. याला प्रकाश-औष्णिक उपचार म्हणतात.

लक्षात घ्या, लेझर नसेल तर सोनं नुसतं पडून राहील. बाटलीबरोबर लेझर नव्हता.

दुसरी वाट किरणोपचाराची. सोन्याचा अणुक्रमांक ७९. आपलं शरीर मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचं. क्ष-किरण जड अणूत जास्त अडतात आणि तिथून इलेक्ट्रॉनांचा मारा आजूबाजूला होतो. गाठीत सोनं असेल, तर तेवढ्याच किरणांत गाठीला जास्त इजा. अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. फक्त क्ष-किरण दिलेले २० टक्के उंदीर वर्षभर जगले; आधी सोन्याचे कण टोचून मग क्ष-किरण दिलेले ८६ टक्के जगले. आणि फक्त सोनं दिलेले? शून्य. एकही नाही. मंडळी, हा तिसरा आकडा त्या विक्रेत्याने दाखवायला हवा होता.

याच प्रयोगातला आणखी एक आकडा. सोन्याचा डोस होता वजनाच्या दर किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर १६२ ग्रॅम, जुन्या तोळ्याने जवळजवळ चौदा तोळे, तेही शिरेतून! शिवाय तिथले क्ष-किरण कमी ऊर्जेचे होते. आपल्या रुग्णालयातली यंत्रं खोलवरच्या गाठीसाठी कितीतरी जास्त ऊर्जेचे किरण वापरतात, आणि तिथे सोन्याचा हा फायदा बराच कमी होतो. म्हणून उंदराचा निकाल उचलून माणसाला लावता येत नाही.

तिसरी वाट वाहकाची. सोन्याच्या पृष्ठभागाला गंधक घट्ट चिकटतं. गंधकाचा दुवा वापरून त्या कणावर औषध चढवता येतं. शरीरभर सोडलं तर रक्तदाब धोकादायक खाली आणणारं एक प्रथिन अमेरिकेत असं सोन्यावर चढवून रुग्णांना दिलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ते पूर्वीपेक्षा जास्त मात्रेत सहन झालं. इथे सोनं औषध नाही. सोनं बैलगाडी आहे, माल दुसराच.

तिसरी अट: पोहोचणं

आता सगळ्यात अवघड भाग. कण गाठीपर्यंत जातो कसा?

गाठ घाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या, गळक्या असतात. त्या फटींतून सूक्ष्म कण आत शिरतात आणि अडकून राहतात, हे जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं. फार आशा निर्माण झाली. पण २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत किती पोहोचले? मधलं मूल्य ०.७ टक्के. शंभरातला एकही पूर्ण नाही. बाकीचे पुष्कळसे यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, कारण बाहेरचं काही रक्तात आलं की गाळायचं, हे त्यांचं कामच आहे.

आणि जो गुण दागिन्यात आपल्याला प्रिय, तोच इथे अडचण होतो. सोनं झिजत नाही, विरघळत नाही. मूत्रपिंड साधारण पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण बाहेर टाकू शकतं. त्याहून मोठे यकृतात महिनोन् महिने बसून राहतात. म्हणजे पेच असा: तापायला मोठी रचना हवी, बाहेर पडायला लहान कण हवेत.

या पेचावर आपल्या महाराष्ट्रात एक सुंदर विचार झाला. आयआयटी मुंबईतले रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेतले अभिजित डे यांच्या गटांनी मिळून काम केलं. त्यांनी सोन्याचा अखंड गोळा केलाच नाही. चरबीजन्य पदार्थाचा सूक्ष्म बुडबुडा घेतला, त्याला लिपोसोम म्हणतात, आणि त्याच्यावर सोन्याचा मुलामा चढवला. आपले सराफ चांदीवर चढवतात तसा. सगळं मिळून ७५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा लेझर शोषतं आणि तापतं. काम झालं की ती रचना यकृताच्या पेशींत मोडते, आणि तुकडे पित्तावाटे व मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. २०१५ मध्ये 'नॅनो लेटर्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. उंदरांमधली गाठ पूर्ण नाहीशी झाली आणि ते रोगमुक्त अवस्थेत जास्त काळ जगले.

माझ्या विद्यार्थ्याला दाखवलेला शोधनिबंध याच प्रकारचा होता. त्यात रचना होती, शिरेतून दिलेली मात्रा होती, लेझर होता, आणि उंदीर होते. बाटलीत यातलं काही नव्हतं.

माणसांवरही चाचण्या झाल्या आहेत. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी विकसित केलेली सोन्याची कवचं पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरली गेली. आदल्या दिवशी शिरेतून कण, दुसऱ्या दिवशी गाठीत लेझरची तार. २०१९ मध्ये निकाल आला: १६ पैकी १५ जणांवर उपचार पूर्ण झाला, गंभीर गुंतागुंत झाली नाही. ही खरी, आनंदाची बातमी आहे. पण सोळा माणसं, एकाच जागेत असलेला मर्यादित आजार. अजून ही चाचण्यांच्या वाटेवरची गोष्ट आहे, औषधाच्या दुकानातली नाही.

नाणं उडवून लावलेला निकाल

"इतकं कशाला थांबायचं? आशा आहे तर द्या की," असं वाटतं. त्यावर एक जुनी हकीकत सांगतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये दाखवलं की सोन्याचा एक क्षार परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतो. पुढे १९२० च्या दशकात सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं क्षयरोग्यांना सर्रास दिली जाऊ लागली. मोठमोठे डॉक्टर गुण येतो म्हणत होते. मग अमेरिकेत अँबरसन आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचे बारा-बारांचे दोन सारखे गट केले. कोणत्या गटाला सोनं द्यायचं, ते नाणं उडवून ठरवलं. दुसऱ्या गटाला नुसतं शुद्ध पाणी टोचलं. १९३१ मध्ये निकाल छापला: सोन्याचा फायदा नाही, उलट अपायच जास्त. गंमत बघा, त्याच सुमारास फ्रान्समध्ये जाक फोरेस्टिए यांनी सोन्याचे क्षार संधिवातावर वापरले, आणि तिथे ते पुढे कित्येक वर्षं उपयोगी औषध ठरले.

म्हणजे 'सोनं औषध आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रूपातलं सोनं, कोणत्या रोगावर, किती, आणि कशाच्या तुलनेत, असा प्रश्न विचारायला हवा.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

पुढे बसलेल्या ताईंनी विचारलंय, मग सुवर्णभस्माचं काय? त्यातही नॅनोकण असतात म्हणे. ताई, सुवर्णभस्म सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे स्फटिक, बरेचसे एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेले, दिसले आहेत. पण पुन्हा ओलं सरपण आठवा. ते तोंडावाटे जातं, गाठीत नेमकं पोहोचवलेलं नसतं, त्यावर लेझर नसतो. नॅनोकण दिसले, एवढ्यावरून कर्करोग बरा होतो असं अनुमान निघत नाही. वैद्यांकडून ते घेत असाल तर तुमच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आणि ठरलेला उपचार थांबवू नका.

एका मित्रांनी चिठ्ठी दिलीय: तर्कसंग्रहात अन्नंभट्टाने सोन्याला तेज, म्हणजे अग्नीच्या जातीचं द्रव्य म्हटलंय, मग आपल्याला हे आधीच ठाऊक नव्हतं का? तसं म्हटलंय खरं. कितीही तापवलं तरी सोन्याचं वितळलेपण नष्ट होत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो वाचताना मलाही आनंद होतो. पण लेझरने तापणारा कण त्यांना माहीत होता, असं म्हणणं हा त्यांच्याच शास्त्राचा अपमान आहे. उपाधी तपासा, हे त्यांनीच शिकवलं.

आता शेवटचं. घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून बघा. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल त्यांनी तर नक्कीच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कर्करोगाचे उपचार येतात. रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा, मग बांगड्यांकडे वळा. आणि कुणी कर्करोग हमखास बरा करतो अशी जाहिरात दाखवली, तर १९५४ च्या कायद्याने तशी जाहिरात करायलाच बंदी आहे, हे त्याला ऐकवा.

माझ्या विद्यार्थ्याला मी परवा हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे पुढेमागे हे खरंच होईल?" मी म्हटलं, होईल असं वाटतंय, मुंबईत, पुण्यात माणसं त्यासाठी राबतायत. तो म्हणाला, "मग हे लोकांना सांगा. पण बाटलीचं आधी सांगा."

म्हणून आधी बाटलीचं सांगितलं.